श्टुटगार्टला नव्यानं आलेल्या जोडप्यासाठी: पत्रपेटीपासून पहिल्या सहलीपर्यंत

घरात पाऊल टाकलं की बॅगा उघडायच्या आधी एक काम करा. खाली जिन्यापाशी पत्रपेट्यांची रांग असते. त्यातल्या तुमच्या पेटीवर दोघांचीही आडनावं लावा, आणि दाराच्या बेलवरही. जर्मनीत पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅटचा नंबर नसतोच. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, आणि नाव सापडलं नाही तर पत्र परत पाठवतो. आपल्याकडे हल्ली पुष्कळ जणी लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, मीही बदललेलं नाही. घर नवऱ्याच्या नावावर होतं आणि पेटीवरही त्याचंच नाव होतं. माझं आरोग्य विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं. नोव्हेंबर महिना, खोकला थांबत नव्हता आणि कार्ड नाही म्हणून मी डॉक्टरकडे जायचं टाळत होते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी पेटीकडे बोट दाखवलं आणि खुणेनंच विचारलं, तुझं नाव कुठे आहे?

तेव्हापासून सांगलीहून, पुण्याहून, नाशिकहून कुणीही नवं जोडपं आलं की मी हेच सांगते. एकाला नोकरी असते म्हणून दोघं येतात. नोकरीवाल्याचं नाव ऑफिस, बँक, कर खातं असं सगळीकडे आपोआप लागतं. सोबत आलेल्याचं नाव मात्र मुद्दाम लावावं लागतं. पुढच्या प्रत्येक पायरीला हे लक्षात ठेवा.

निघण्याआधी

लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, दोघांचे जन्मदाखले, पदव्यांची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, सगळं मूळ प्रतीत आणि हातातल्या बॅगेत ठेवा. दोघांच्याही पदव्या आणा. "मला कुठे लगेच नोकरी करायची आहे" म्हणून गुणपत्रिका घरी ठेवून आलेल्या दोन मैत्रिणींना नंतर त्या कुरिअरनं मागवाव्या लागल्या. पासपोर्टवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल, कुठे मधलं नाव आहे आणि कुठे नाही, तर ते तिथेच दुरुस्त करून घ्या. इथे आल्यावर एका अक्षरावरून काम अडतं.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, येणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही. तरीही ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पातळी, करूनच या. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात वर्ग असतात. इथल्या पहिल्या महिन्यात जेवढी कागदपत्रं येतात तेवढी पुढच्या वर्षभरात येत नाहीत, आणि ती सगळी जर्मनमध्ये असतात.

सामानात तूप, पेढे, बर्फी, चक्का काही आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. कढीपत्ता, मिरच्या, भाज्या यांनाही रोपतपासणीचा दाखला लागतो, म्हणजे तेही नको. नारळ मात्र चालतो. कुकर, पोळपाट-लाटणं, किसणी, मसाले, भाजणी आणा. मिक्सर आणला तरी चालतो, कारण वीज इथेही २३० व्होल्टच आहे. फक्त आपली तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर लागतो.

पहिले दोन आठवडे: नोंदणी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. श्टुटगार्टमध्ये ती ब्युर्गरब्युरोमध्ये होते. घरमालकानं सही केलेला, "हे लोक अमुक तारखेपासून इथे राहतात" असं सांगणारा एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक आहे पण कागद एका पानाचा. त्यावर दोघांचीही नावं आहेत ना, हे मालकाची सही होण्याआधी बघा. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लवकर मिळेलच असं नाही, म्हणून भारतातून निघायच्या आधीच शोधायला लागा. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडलं की कुणीतरी रद्द केलेली वेळ कधीकधी हाती लागते.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के चर्चकर लागतो, पण तो तिथल्या नोंदणीकृत चर्चच्या सदस्यांनाच. तुम्ही सदस्य नसाल तर तसं स्पष्ट सांगा.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत दोघांना वेगवेगळ्या पाकिटांतून कर क्रमांक येतो. म्हणूनच पेटीवर दोन नावं. हा क्रमांक नोकरीवाल्यानं वेळेत ऑफिसात दिला नाही, तर पगारातून सहाव्या करवर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापतात. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो. नवरा-बायकोच्या नोंदणीनंतर दोघांना चौथा-चौथा वर्ग मिळतो. एकाचीच कमाई असेल तर कमावणाऱ्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा असं मागता येतं. मात्र दुसऱ्याला नोकरी लागली की परत विचार करा, कारण पाचव्या वर्गात तिच्या पगारातून इतका कर जातो की हातात आलेले पैसे बघून नोकरीच नको वाटते.

यानंतर राहण्याच्या परवान्याची वेळ घ्यायची, व्हिसाची मुदत संपायच्या पुष्कळ आधी. कार्ड यायला वेळ लागतो, तोवर फिक्टसिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. भारतात जायचं असेल तर त्यावर कुठल्या कलमावर खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या ८१व्या कलमाचं चौथं पोटकलम असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर येता येत नाही. तिकीट काढण्याआधी हे बघा, काढल्यावर नको.

जोडीदाराच्या कार्डावर "एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट" हे शब्द शोधा. याचा अर्थ कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करायला मोकळीक आहे. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. "डिपेंडंट आहे, काम करता येत नाही" असं मी कितीतरी दिवस समजत होते.

घर

घराच्या जाहिरातीत खोल्या मोजायची पद्धत वेगळी आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत, त्यामुळे इथली दोन खोल्यांची जागा म्हणजे आपला वन बीएचके. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. त्यात पाणी, हीटिंग, कचरा वगैरे धरलं की वार्ममीटे. अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिप्पटीहून जास्त घेता येत नाही, आणि ती तीन महिन्यांच्या हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला कायद्यानं आहे. प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय कुणालाही एक युरोही पाठवू नका. "मी परदेशात आहे, चावी पोस्टानं पाठवतो" असं म्हणणारा माणूस फसवतोय, हे नक्की समजा.

बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, नळाचं तोंड असतं, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही! जाहिरातीत "आइनबाउक्युखे" लिहिलं असेल तर ते सगळं आहे असं समजा. नसेल तर आधीच्या भाडेकरूकडून विकत घेता येतं का ते विचारा, निम्म्याहून कमी खर्चात काम होतं.

भाडेकरारावर दोघांचीही सही असू द्या. मग जबाबदारीही दोघांची होते, हे खरं. पण घरही दोघांचं होतं. चावी घेताना प्रत्येक खोलीतल्या भिंती, फरशी, खिडक्या यांचे फोटो काढा आणि हस्तांतराच्या कागदावर प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. अनामत परत मिळताना हेच फोटो उपयोगी पडतात.

हिवाळ्यात खिडकी घट्ट लावून हीटर चालू ठेवायचा मोह होतो. कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे, आंघोळीची वाफ, सगळी ओल भिंतीत मुरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि परत लावायच्या. इथे त्याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात. फोडणी देऊन झाल्यावर तर हे कराच. शेजाऱ्याला हिंगाचा वास माहीत नसतो आणि धुराच्या अलार्मला फोडणी आणि आग यातला फरक कळत नाही.

जिना झाडायची पाळी

श्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे केअरवोखे. स्वाबियन, म्हणजे या भागातल्या मूळच्या लोकांची ही जुनी रीत. इमारतीतल्या घरांनी आळीपाळीनं एकेक आठवडा जिना झाडायचा आणि पुसायचा. ही धाकटी पाळी. थोरल्या पाळीत दारासमोरचा फुटपाथ, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी टांगलेली असते, आठवडा संपला की ती पुढच्या दारावर. बर्फ हटवायचं काम कुणाकडे आहे हे मात्र मालकाला वेगळं विचारून घ्या. सकाळी लोक कामावर निघायच्या आत फुटपाथ मोकळा हवा, आणि कुणी घसरून पडलं तर प्रश्न भरपाईचा येतो.

पाटी पहिल्यांदा आमच्या दारावर आली तेव्हा मला तिचा अर्थ कळला नाही. त्याच वरच्या आजी बादली घेऊन खाली आल्या आणि कठडा आधी पुसायचा, पायऱ्या नंतर, वरून खाली, असं करून दाखवलं. आपल्याकडे सडा घालताना आजी शिकवायची तसंच. त्या दिवसापासून त्यांच्याशी माझं बोलणं सुरू झालं, आणि माझं जर्मन जेवढं त्या जिन्यात सुधारलं तेवढं वर्गात सुधारलं नाही. म्हणून माझं ऐका, ही पाळी दोघांनी मिळून करा आणि मनापासून करा. या शहरात ओळख करून घ्यायची तीच खरी जागा आहे.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी तर दिवसभर. ड्रिल नको, मिक्सरवर चटणी पहाटे नको. काचेच्या बाटल्या टाकायच्या कुंड्यांतही रविवारी बाटल्या टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून. कचरा वेगळा करायला आठवडाभरात सवय होते: भाज्यांची देठं आणि चहाचा चोथा ओल्या कचऱ्यात, कागद वेगळा, प्लास्टिकची वेष्टणं आणि डबे पिवळ्यात, उरलेलं सगळं चौथ्यात. पाण्याच्या, शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. ती चेपू नका, दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते.

स्वयंपाकघर

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून आठवड्याचा बाजार शनिवारी दुपारपर्यंत उरका. दूध, दही, भाज्या लिडल, आल्डी, रेवे कुठेही मिळतात. हिरव्या मिरच्या, भेंडी, कोथिंबीर, पुदिना यासाठी तुर्की दुकानं उत्तम. तिथे कोथिंबीर आणि पार्सलीच्या जुड्या शेजारी शेजारी असतात आणि दिसायला जवळजवळ सारख्या. पान चुरडून वास घेऊनच उचला.

इथलं गव्हाचं पीठ पावासाठी दळलेलं असतं, पोळीला ते जमत नाही. कणीक, पोहे, तूरडाळ भारतीय दुकानातून आणा. साबुदाणाही तिथलाच घ्या. पूर्वेकडच्या आशियाई दुकानातला टॅपिओका खिचडीत चिकट गोळा होतो. तूप घरी कढवायचं: बिनमिठाच्या लोण्याच्या २५० ग्रॅमच्या वड्या मिळतात, चार वड्यांत महिनाभराचं तूप होतं. आणि श्रीखंडासाठी क्वार्क घ्या, डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला. तो आधीच बराच निथळलेला असतो, फडक्यात तास-दोन तास टांगला की चक्का तयार. पाडव्याला मी पहिल्यांदा तो केला तेव्हा नवरा एक शब्द न बोलता तीन वाट्या खाऊन उठला.

नळाचं पाणी सरळ प्या. श्टुटगार्टला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग दक्षिणेकडच्या बोडनझे सरोवरातून येतो आणि ते स्वच्छ असतं.

आजारपण आणि दोन पत्रं

सरकारी विमा घेतला असेल आणि जोडीदाराची स्वतःची मिळकत नसेल, तर त्याच हप्त्यात कुटुंबविमा होतो. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो. आजारी पडायच्या आधी घराजवळचा एक डॉक्टर शोधून ठेवा. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप, पोटदुखी असं काही असेल तर ११६११७. दोन्ही नंबर फ्रीजवर लावा. गोळ्या फक्त औषधाच्या दुकानात, म्हणजे आपोथेकेमध्ये मिळतात. डीएम किंवा रोसमान या प्रसाधनांच्या दुकानांत शाम्पू आणि हर्बल चहा मिळेल, साधी पॅरासिटामोलसुद्धा नाही.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. ती फसवणूक नाही, आणि "आमच्याकडे टीव्ही नाही" हे कारण चालत नाही. महिन्याला १८.३६ युरो, पण ते दर घरामागे आहेत, दर माणसामागे नाही. दोघांनाही पत्र आलं तर एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं उत्तरात पहिल्याचा क्रमांक लिहायचा. दोघांनी वर्षभर भरत राहिलेली जोडपी मला माहीत आहेत.

सोबत आलेल्याचं पहिलं वर्ष

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. नवरा सकाळी अंधारात जातो आणि अंधारात येतो. पुण्यात शाळेत शिकवणारी, बँकेत काम करणारी मुलगी दिवसभर एका खोलीत बसते आणि चार भिंतींशी बोलते. आईला फोन करावा तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, इथे तिची संध्याकाळ सुरू होते तेव्हा तिकडे झोपायची वेळ. मी यातून गेले आहे. ते दुखणं लपवू नका, आणि जो नोकरीला जातो त्यानं ते आपणहून विचारा.

पहिल्याच महिन्यात भाषेच्या वर्गात नाव घाला. सरकारी एकात्मता वर्ग ७०० तासांचा असतो, त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास इथला इतिहास, कायदा, समाज. कुटुंब म्हणून आलेल्यांना तो मिळतो का ते परवाना देणाऱ्या कार्यालयातच विचारा. नाहीतर रोटेब्युलप्लाट्झवरच्या फोक्सहोखशूलेमध्ये, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणकेंद्रात, वर्ग आहेत. घरातून बाहेर पडायला ठरलेली वेळ असणं, हाच पहिल्या हिवाळ्यातला मोठा आधार.

दुसरं, स्वतःच्या नावाचं बँक खातं. संयुक्त खातं हवंच, पण स्वतःचंही हवं. तिसरं, पदवीची ओळख. आनाबिन नावाच्या सरकारी यादीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी शोधा. सापडली तर तेच पान छापून अर्जासोबत जोडता येतं. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना वेगळी मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून लवकर सुरुवात करा.

माणसं भेटतात. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि दर जुलैत इथे भारतीय चित्रपट महोत्सव भरतो. गणपतीत, दिवाळीत मराठी मंडळी जमतात. घरी गणपती बसवणार असाल तर शाडूची छोटी मूर्ती करा आणि विसर्जन बादलीत. नेकार नदीत मूर्ती सोडू नका.

आता फिरा

डॉइचलांड-टिकेट हे महिन्याचं तिकीट २०२३ साली ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ युरो आहे. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वेत ते चालतं. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांत चालत नाही. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे सरकतं. थांबवायचं असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करा.

पहिली सहल शहरातच करा. मारीएनप्लाट्झवरून देगरलोखला चढणारी दातेरी रुळांची गाडी आहे, लोक तिला त्साके म्हणतात. वर जा आणि उतरताना श्टेफेले म्हणजे दगडी पायऱ्यांनी उतरा. वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेलं हे शहर आणि चढणीवरच्या द्राक्षबागा असं सगळं एकदम दिसतं. दुसऱ्या आठवड्यात ट्युबिंगेन, साधारण तासाभरावर, नदीकाठची रंगीत घरं. तिसऱ्यात उल्म, तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरहून उंच आहे आणि पायऱ्या ७६८. शरद ऋतूत लुडविग्सबुर्गच्या राजवाड्यात भोपळ्यांचं प्रदर्शन, डिसेंबरात एसलिंगेनचा मध्ययुगीन बाजार. आणि उन्हाळ्यात बोडनझे. ज्याचं पाणी वर्षभर प्यायलो ते सरोवर पाहायला आम्ही गेलो, तेव्हा पलीकडे आल्प्सवर बर्फ चमकत होतं आणि डब्यात गूळपोळी होती.

राहण्याचा परवाना असेल तर शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. प्रादेशिक गाड्या बदलत केल गावापर्यंत जा. तिथून ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडून थेट फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गला नेते. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रतीत जवळ ठेवा, सीमेवर तपासणी होते आणि मोबाइलमधला फोटो चालत नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, म्हणून तिथे फोनचं इंटरनेट वापरण्याआधी आपल्या योजनेत ते आहे का ते बघा. इंग्लंड आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो.

रेल्वे उशिरा येते, हे धरूनच निघा. लांबच्या गाडीचं तिकीट असेल आणि पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची, हा आमचा घरचा नियम.

वर्षभरानं आई-बाबांना बोलवाल. त्यांना शेंगेन व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. बोलावणाऱ्यानं खर्चाची हमी द्यायची असेल तर त्याची वेळ इथल्या कार्यालयातून घ्यावी लागते, तीही दोन-तीन महिने आधी. मे-जूनमध्ये बोलवा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आणि पायऱ्या उतरायला लावू नका, त्साकेनंच खाली आणा.